दोन हिरव्या खुणा

१२ एप्रिल

वहिनी,

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. मी फोन बंद करून कपाटात टाकलाय आणि आपल्या विज्ञान-प्रसाराच्या गटातून बाहेर पडलेय, म्हणून हा कागद. दादाने तुला काहीतरी सांगितलंच असेल. तो कुठलीही गोष्ट अर्धी ऐकतो आणि दीडपट करून सांगतो, तेव्हा आता माझ्याकडून ऐक.

गटाने मिळून लिहिलेल्या ग्रहणाच्या फाईलमध्ये घोळ झाला आणि तो माझ्या हातून झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलेली ती ओळ तुला आठवत असेल: ‘ज्या गावात सूर्य पूर्ण झाकला जाईल, फक्त तिथे, आणि तेवढ्याच दोन मिनिटांपुरता, चष्मा काढून बघता येतं, बाकी कुठेही तो क्षणभरही काढू नये.’ त्या ओळीखाली आपल्या पद्धतीप्रमाणे दोन हिरव्या खुणा होत्या, एक माझी आणि एक तुझी. म्हणजे ओळ पक्की, ज्याला हवी त्याने उचलावी आणि आपल्या शाळेत, ग्रंथालयात, दवाखान्यात लावावी. मला इथे विज्ञान केंद्राच्या भिंतीवर पाटी लावायची होती आणि रकाना होता वीतभर. मी ओळ छाटली. उरलं ते एवढंच: ‘सूर्य झाकला गेला की चष्मा काढून बघता येतं.’

आमच्या गावात सूर्य पूर्णच झाकला जाणार होता, त्यामुळे आमच्या भिंतीवर ते खरंच होतं. पण मी ती छाटली मुळातल्या फाईलमध्ये, सगळ्यांच्या. खुणा मात्र जागच्या जागी राहिल्या, कारण आपल्याकडे छाटणीला नवी खूण लागत नाही. हा नियम कोणी आणला होता सांगू? तूच. एकेका स्वल्पविरामावरून आठवडाभर भांडणं चालायची म्हणून. तुला दोष देत नाहीये गं, तेव्हा सगळ्यांत जोरात ‘मान्य’ मीच म्हटलं होतं.

ग्रहणानंतर तिसऱ्या दिवशी हवामानवाल्या काकांना ते दिसलं. त्यांनी गटातल्या साठ माणसांसमोर विचारलं, ‘ही कोणाची कात्री?’ फाईल काही लपवत नाही, कोणी कधी काय बदललं ते सगळं दाखवते. माझं नाव आणि पुढे वेळ, सकाळी अकरा चाळीस. मी माफी लिहिली आणि बाहेर पडले.

आता खरं विचारायचं ते. तुझ्या शाळेतल्या एका मुलीचे डोळे ग्रहण बघताना दुखावले, असं दादा म्हणाला. तुमच्या गावात सूर्याची कड उघडी राहणार होती ना? वहिनी, शाळेने आपली फाईल वापरली होती का? आठवडाभर हा प्रश्न विचारायचं टाळतेय. काय असेल ते खरं सांग.

ठमी


१९ एप्रिल

ठमे,

आधी एक काम कर, तो फोन कपाटातून काढ. कपाटात ठेवायला ती काय लग्नातली साडी आहे? तुझा दादा दिवसातून चार वेळा तुझा नंबर फिरवतो आणि ‘लागत नाही’ हे मलाच येऊन सांगतो, जसं काही तो मीच बंद केलाय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आमच्या शाळेने आपली फाईल वापरली नाही. मुख्याध्यापकांनी वेगळी सूचना काढली होती, ती त्यांनी कुठून आणली ते मला माहीत नाही. त्या मुलीने चष्मा आपण होऊन काढला. मी तिथेच होते, ‘घाला, घाला’ म्हणून ओरडत होते, मैदानावरच्या सगळ्यांनी ऐकलं. आता समोर बघितलं की तिला मधोमध करडा ठिपका दिसतो. डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांत कमी होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही. पोर गुणी आहे. फार वाईट वाटतं.

तेव्हा तू उगाच स्वतःला खात बसू नकोस. तुझी चूक झाली, तू कबूल केलीस, संपलं. गटात परत जा. तुझ्यासारखं सोपं लिहिणारं तिथे दुसरं कोण आहे? काकांना कात्रीबद्दल बोलायला काय जातं, त्यांची वाक्यं पावणेदोन पानांची असतात.

जेवत जा वेळेवर.

वहिनी


३ मे

वहिनी,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि ‘नाही’ वाचून पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या काकू विचारत होत्या, चक्कर आली का म्हणून. जीव भांड्यात पडला, वहिनी. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. दुसऱ्याच्या पोरीचे डोळे गेले आणि मी जेवले, हे लिहायलाही लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं?

गटात परत आले. काका म्हणाले, ‘या.’ एकाच शब्दात. त्यांच्या मानाने हा मोठाच त्याग आहे.

ती मुलगी मात्र डोक्यातून जात नव्हती. मग तिच्यावरच एक छोटी गोष्ट लिहिली, मुलांसाठी, एका पाटीवर मावेल एवढी. नाव आहे ‘ऐकलं नाही म्हणून’. एक हट्टी मुलगी, मैदान, बाई ओरडतायत, मुलगी ऐकत नाही, आणि मग तो करडा ठिपका. गावाचं किंवा शाळेचं नाव कुठेही नाही. पुढच्या ग्रहणाला निदान दहा पोरांनी जरी ती वाचली आणि चष्मा डोळ्यांवर ठेवला, तरी त्या छाटलेल्या ओळीची थोडी भरपाई होईल, असं मनात आहे.

वैद्यकीय भागावर डॉक्टरांनी खूण दिलीय. पण घडलेल्या गोष्टीवर खूण तिथे असलेल्या माणसाचीच हवी. म्हणजे तुझी. तू नीट वाच, कुठे खटकलं तर सांग, आणि खूण दे. ही गोष्ट कुठल्याही छाटणीशिवाय जाणार आहे, शपथ घेतलीय मी.

ठमी


११ मे

ठमे,

खूण दिली.

‘हट्टी’ हा शब्द काढता आला तर बघ. बाकी ठीक आहे.

पेपर तपासायचे ढीगभर पडलेत, म्हणून एवढंच लिहिते. दादा बरा आहे. गुडघा दुखतो म्हणतो, पण बाजारात जायचं म्हटलं की दुखतो, सामन्याला जायचं म्हटलं की दुखत नाही.

वहिनी


१८ जून

वहिनी,

तुझं पत्र नाही, फोनवर दोन वाक्यं बोलून ‘दूध उतू जातंय’ म्हणतेस. तीन वेळा दूध उतू गेलं. घरात गवळी येतो की पूर?

राग आलाय का माझा? पहिल्या पत्रात तो नियम तू आणलास असं म्हटलं, ते लागलं असेल तर तो शब्द मी परत घेते. चूक कात्री चालवणाऱ्याची. मनावर घेऊ नकोस.

आता आनंदाची बातमी. ‘ऐकलं नाही म्हणून’ चांगलीच पळतेय. ‘हट्टी’ काढलं, तू म्हणालीस म्हणून. आपल्यासारख्या चौदा गटांनी ती उचलली, दोघांनी आपापल्या भाषेत नेली. एका मुलीने ती स्वतःच्या आवाजात वाचून, ध्वनिमुद्रण करून सगळीकडे पाठवली, शेवटी बारीक रडते ती, मला जरा जास्तच वाटलं, पण लोकांना आवडलं. केंद्राने चांगल्या जाड कागदावर छापली. पाच प्रती तुमच्या मुख्याध्यापकांच्या नावाने पाठवल्यात. जिथे हे घडलं तिथल्या भिंतीवर ती पहिली लागायला हवी, नाही का?

तुझी खूण खाली छापलीय. छान दिसते.

ठमी


६ जुलै

ठमे,

हे पत्र मी चारदा लिहिलं आणि फाडलं. हे फाडणार नाही. बसून वाच.

तुझ्या पाट्या आल्या. मुख्याध्यापकांनी एक स्वतः शिक्षकांच्या खोलीसमोर लावली, मधल्या सुट्टीत मुलं जातात त्या वाटेवर. गेल्या मंगळवारी मी बाहेर आले तर ती मुलगी पाटीसमोर उभी होती. मान वाकडी करून वाचत होती, कारण तिला आता समोरचं सरळ वाचता येत नाही, अक्षर मधल्या ठिपक्यात जातं. मागून दोन मुलं म्हणाली, ‘ए, हे तुझंच आहे.’ तिने मला बघितलं आणि विचारलं, “बाई, हे माझ्याबद्दल आहे का?” मी म्हटलं, “नाही गं, दुसरीच कोणी आहे.” आणि वर्गात निघून गेले.

ठमे, शाळेने आपलीच फाईल वापरली होती. मुख्याध्यापकांनी वेगळी सूचना काढली नव्हती. मैदानाची जबाबदारी माझी होती आणि छापलेला कागद माझ्या हातात होता.

उजेड कमी झाला, पाखरं गप्प झाली, मुलं ओरडायला लागली. मी कागदात बघितलं. ‘सूर्य झाकला गेला की चष्मा काढून बघता येतं.’ माझ्या मनात आलं, आपल्याकडे नाही ना? आपल्याकडे कड राहणार आहे. खरंच आलं मनात, शपथ. मग त्या ओळीखाली दोन खुणा दिसल्या आणि त्यांतली एक माझी. मला वाटलं, आपणच तपासलंय म्हणजे विचार करूनच तपासलं असेल, आता ऐन वेळी काय शंका काढायच्या? वीस वर्षं मी पोरांना सांगत आलेय, आधी स्वतः बघा, मग विश्वास ठेवा. आणि मी माझ्याच खुणेवर विश्वास ठेवला आणि वर बघितलं नाही.

पहिल्या रांगेला म्हटलं, “आता काढा चष्मे. नीट बघा.”

चष्म्यांना रबर होतं, ते बहुतेकांच्या केसांत अडकलं. ही एकच अशी, की सांगितलं की लगेच करते. वही काढा म्हटलं की हिची वही आधीच बाकावर. हिने चष्मा काढला आणि वर बघत राहिली, मी नीट बघा म्हटलं होतं म्हणून. पाव मिनिट, अर्धा मिनिट, मला माहीत नाही. मग मला सूर्याची ती लखलखती कड दिसली आणि मी ओरडले, “घाला! घाला!” तेवढं मात्र सगळ्या मैदानाने ऐकलं.

मुख्याध्यापक धावत आले. खेळाचे सर म्हणाले, “ऐकलंच नाही हो पोरीने, बाई केव्हाच्या ओरडतायत.” मी काहीच बोलले नाही. खोटंही बोलले नाही, असं मी स्वतःला किती दिवस समजावत होते. मूग गिळून बसले आणि ती हट्टी ठरली. पहिल्या रांगेतली बाकीची मुलं घाबरून गप्प. आणि तिनेही कधी म्हटलं नाही की बाईंनीच काढायला सांगितलं.

मग तुझं पत्र आलं. ‘नाही’ लिहिताना मी मनाशी म्हटलं, ठमीला तेवढाच आधार. पुढे तू ती गोष्ट लिहिलीस आणि माझी खूण मागितलीस. मी ‘हट्टी’ काढायला सांगून खूण दिली. बघ, काय धाडस केलं मी. एक शब्द काढायला सांगितला.

दादाला काही माहीत नाही. त्याला वाटतं मला रक्तदाब आहे.

मला काय करावं कळत नाही.

वहिनी


११ जुलै

वहिनी,

तुला काय करावं ते चांगलं कळतं. म्हणूनच पत्र चारदा फाडलंस.

एक सांगते, पुढच्या पत्रात ‘ठमीला तेवढाच आधार’ हे शब्द पुन्हा लिहू नकोस. मी तुझ्याकडे आधार मागितला नव्हता. मी विचारलं होतं, खरं सांग. तू मला सोडवलंस आणि मी सुटल्यासारखी नाचले. ज्या मुलीने माझी ओळ ऐकली, तिच्यावरच मी ‘ऐकलं नाही’ अशी पाटी लिहिली आणि ती चौदा ठिकाणी वाटली. मला आता आमच्या केंद्राच्या भिंतीकडे बघवत नाही. आज सकाळी शिडी लावून मी स्वतः ती उतरवली. रखवालदार विचारत होता, “मॅडम, काय चुकलं?” मी म्हटलं, “सगळंच.”

तुझ्यावर ओरडावं असं खूप वाटतं आणि ओरडायला लागले की ती छाटलेली ओळ समोर येते. कागद तुझ्या हातात होता, पण त्यावरचं वाक्य माझं होतं. म्हणून धड रागही येत नाही. चिडचिड होते नुसती, आणि रडू येतं.

गटात मी एवढंच लिहिलंय: ती गोष्ट खोटी आहे, सगळीकडून काढा. चौदापैकी नऊ जणांनी काढली. पाच जण उत्तर देत नाहीत. आणि तो रडका आवाज कुठे कुठे गेलाय ते देव जाणे, तो आता परत येणार नाही. कारण मी लिहिलेलं नाही. काका विचारतायत, मी म्हटलं थांबा.

ते कारण तू सांगायचंस. आधी तिच्या घरी, मग शाळेत, मग गटात. या क्रमानेच. माझं नाव घे, सकाळच्या अकरा चाळीससकट. मी येऊ का बरोबर? तू म्हणालीस तर रजा टाकते. पण तुझ्या ऐवजी मी बोलणार नाही, आणि तू गप्प बसलीस तर मी गप्प बसणार नाही. पंधरा दिवस थांबते. वहिनी, ती पोर रोज त्या पाटीसमोरून जातेय.

ठमी


२४ जुलै

ठमे,

पाटी मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी काढली. मुख्याध्यापक म्हणाले, “अहो, किती छान आहे.” मी म्हटलं, “नंतर सांगते.” तू येऊ नकोस असं तुला फोनवर म्हटलं ते मोठेपणा म्हणून नाही. दोघी गेलो असतो तर मी तुझ्या मागे उभी राहिले असते, हे मला माहीत आहे.

दादाला आदल्या संध्याकाळी सांगितलं. तो उठून म्हणाला, “मी खाली रिक्षात बसतो, तू वर जा.” आणि खरंच बसला बिचारा, दीड तास, त्या गुडघ्यासकट.

मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. आई शिवणकाम करते. मशीन खिडकीशी, शेजारी कापडाचे तुकडे, भिंतीला टेकून मुलीचं टेबल. टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या वह्या होत्या, धडे आईने हाताने मोठे करून लिहून काढलेत. शाळेतल्या बाई आल्या म्हणून त्यांनी लगबगीने खुर्ची पुसली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलत राहिले असते.

मी सांगितलं. कागदाचं, ओळीचं, खुणांचं. त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं, आणि माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा फाईलच्या आड लपतेय. मग सरळ म्हटलं, “चष्मा काढायला मी सांगितलं. तिने ऐकलं. घाला म्हटल्यावर तिने लगेच घातलाही. सगळे म्हणाले तिने ऐकलं नाही, तेव्हा मी गप्प बसले.”

त्यांनी मशीनवरचा हात काढला नाही. म्हणाल्या, “मी मारलं हो तिला. दवाखान्यातून आल्यावर. एवढं सांगून कळत नाही का म्हणून मारलं.” मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. आतल्या खोलीकडे बघून त्यांनी हाक मारली.

ती बाहेर आली. आईने विचारलं, “बाई म्हणतात त्यांनीच काढायला सांगितलं. तू का नाही बोललीस?”

ती म्हणाली, “मी सांगणार होते. पण सर म्हणाले मी ऐकलं नाही, तू पण म्हणालीस, आणि बाई काहीच म्हणाल्या नाहीत. मग मला वाटलं, मीच नसेल ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पण मी तसंच सांगितलं.”

ठमे, एवढं ऐकल्यावर मला रडायचाही हक्क राहिला नाही. आईने तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड घातलं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “आता तुम्ही जा, बाई. शाळेत काय सांगायचं ते सांगा. माझ्या पोरीसमोर सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.” मी हो म्हटलं. सोमवारी प्रार्थनेनंतर सांगणार आहे, मुख्याध्यापकांना लेखी दिलंय. मैदानाचं काम ते काढून घेतील, वर्गही काढून घेतील कदाचित. घेऊ देत. गटात त्याच दिवशी लिहीन, तुझी वेळ आणि माझी खूण दोन्ही घालून.

निघताना आई म्हणाली, “बाईंना दारापर्यंत सोड.” ती लगेच आली. जिन्याच्या तोंडाशी मी म्हटलं, “मला माफ कर गं.”

“हो, बाई,” ती म्हणाली.

लगेच. वही काढा म्हटल्यासारखं. मी सांगितलं आणि तिने केलं. मी दोन पायऱ्या उतरलेही होते, पण तो ‘हो’ घेऊन मला खाली जाता येईना. मी परत वर आले आणि म्हटलं, “नको. मी म्हणाले म्हणून करू नकोस. तुला स्वतःला वाटेल तेव्हा कर. नाहीच वाटलं तर करू नकोस.”

तिने मान थोडी वाकडी केली, सरळ बघितलं तर माझा चेहरा तिला दिसत नाही म्हणून. तशीच बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, “मग आत्ता नाही, बाई.”

तुझी,
वहिनी